एका घरट्याला किती जण लागतात?



दर महिन्याच्या पाठात आपण बचत, अंतर्गत कर्ज, नोंदवह्या, शेळीपालन असे विषय घेतो. या वेळचा विषय वेगळा आहे. या वेळी आपण सारस पक्ष्याबद्दल बोलणार आहोत. "गटाच्या बैठकीत पाखराचं काय काम?" असं तुम्ही म्हणाल. मलाही आधी तसंच वाटायचं. पण मागच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. त्या चुकीतून मी जे शिकले ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकले नव्हते. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मागच्या वर्षी काय झालं

रोवणीचे दिवस होते. गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या एका गावात मी गटाच्या बैठकीला गेले होते. दिवसभर सगळ्याजणी चिखलात, म्हणून बैठक दिवेलागणीला ठेवली होती. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या. उठता उठता एक मावशी म्हणाल्या, "पोरी, तलावाखालच्या बांधीत सारसाचा जोडा बसून हाये. पान्यात गवताचा मोठा ढीग केला. दोन अंडे दिसले."

मला फार आनंद झाला. मी डायरीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी एका कार्यालयात फोन केला. "बरं, पाहतो," असं उत्तर आलं. माझं काम झालं, असं मी समजले.

बारा दिवसांनी त्या गावात परत गेले तेव्हा घरटं रिकामं होतं. बांधीच्या मालकांनी युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा म्हणून बांधीतलं पाणी उतरवलं होतं. यात त्यांची काही चूक नाही. खत देताना पाणी उतरवावं, हे आपण सगळे करतोच. पण पाणी उतरलं आणि गावातल्या कुत्र्यांना घरट्यापर्यंत कोरडी वाट मिळाली. अंडी गेली. जोडा दोन दिवस तिथेच फिरत राहिला आणि मग दिसेनासा झाला.

मालक शेजारच्या गावात राहतात. ते भेटले तेव्हा म्हणाले, "मॅडम, मला कोनी सांगतला असता तर मी ते एक बांधी सोडली नसती का?"

घरटं कुठे आहे हे रोवणी करणाऱ्या आठ बायकांना माहीत होतं, मला माहीत होतं, एका कार्यालयाला माहीत होतं. ज्यांच्या हातात पाण्याचं तोंड होतं त्यांनाच माहीत नव्हतं. मी एकालाच सांगून मोकळी झाले, ही माझी चूक. घरटं वाचवायला किती जण लागतात, हे मी मोजलंच नव्हतं. आजचा पाठ त्याच मोजणीचा आहे.

आधी सारसाची ओळख

सारस आपल्याला नवा नाही. उभा राहिला तर माणसाएवढा, जवळजवळ सहा फूट. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच हाच. अंग राखाडी, डोकं आणि मान लाल. एकदा जोडी जमली की सहसा जन्मभर टिकते. महाराष्ट्रात आज सारस मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडारा भागातच उरला आहे. नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातही तो आहे. दर वर्षी जून महिन्यात पक्षीमित्र संस्था, वनविभाग आणि शेतकरी मिळून त्याची गणना करतात.

पावसाळा लागला की तो घरटं करतो. जागा निवडतो ती पाण्यातली, म्हणजे धानाची बांधी किंवा तलावाचा उथळ काठ. गवत, तणस, पाणवनस्पती ओढून ढीग रचतो. बहुतेक वेळा दोन अंडी. नर आणि मादी आळीपाळीने महिनाभर अंडी उबवतात. पिल्लू निघालं की लगेच चालायला लागतं, पण उडायला त्याला तीन महिने लागतात. तोवर ते आईबापामागे आपल्या बांध्यांमधूनच फिरतं.

आता हे आपल्या वेळापत्रकाशी जुळवून पाहा. सारस घरटं बांधतो तेव्हा आपली रोवणी असते. अंडी उबवतो तेव्हा निंदण आणि खत. पिल्लू चालायला लागतं तेव्हा फवारणी. आणि पिल्लू उडायला शिकतं तोवर हलक्या धानाची कापणी येते. म्हणजे हा पक्षी जंगलात राहत नाही, आपल्या कामाच्या जागेत राहतो. आणि त्या जागेत सगळ्यात जास्त वेळ वाकून कोण असतं? आपण.

शिवाराच्या पलीकडचं शिवार

सरकारी कागदात एक शब्द येतो, 'भूप्रदेश पातळीवरील अधिवास संवर्धन आराखडा'. शब्द मोठा आहे, अर्थ सोपा आहे.

अधिवास म्हणजे प्राण्याचं राहतं घर. आपल्या घराला जशी झोपायची खोली, चूल, पाण्याची जागा आणि जायला-यायला वाट असते, तसंच त्याचंही असतं. सारसाची बाळंतपणाची खोली आहे धानाची बांधी. चूल आहे तलावाचा काठ. तिथे तो पाणवनस्पतींचे कंद, गोगलगायी, बेडूक, किडे खातो. रात्री तो उथळ पाण्यात उभा राहून झोपतो, म्हणजे कुत्रा-कोल्हा आला तर पाण्याचा आवाज होतो. उन्हाळ्यात लहान तलाव आटले की तो मोठ्या तलावांवर आणि नदीच्या पात्रात जातो. आणि हे सगळं जोडणारी त्याची वाट आकाशातून जाते. तिथे आडव्या येतात विजेच्या तारा.

म्हणजे एका जोडीचं घर एका गावात मावत नाही. बांधी एका गावात, तलाव दुसऱ्या गावात, उन्हाळ्याचं पाणी तिसऱ्या गावात, आणि वैनगंगा किंवा वाघ नदी ओलांडली की राज्यच दुसरं. पक्ष्याला ना तालुका कळतो ना राज्य. म्हणून आराखडाही एका गावापुरता करून चालत नाही. एका गावानं घरटं जपलं आणि शेजारच्या गावाचा तलाव बेशरमच्या झाडांनी भरून गेला, तर पिल्लू मोठं होऊन खाणार काय? अशा सगळ्या जागांचा एकत्र विचार करून केलेलं नियोजन म्हणजे भूप्रदेशाचा आराखडा.

कोणाच्या हातात काय आहे

मी समाजकार्याच्या अभ्यासक्रमात 'भागधारक' हा शब्द पाठ केला होता. परीक्षेत त्यावर गुणही मिळाले. पण आपल्याकडचा शब्द जास्त खरा आहे, वाटेकरी. वाटेकरी म्हणजे ज्याचा हिस्सा आहे तो. हिस्सा नफ्यातही आणि तोट्यातही. सारसाच्या घराचे वाटेकरी कोण, ते पाहू.

1. शेतकरी. बांधी त्यांची, पाण्याचं तोंड त्यांच्या हातात, फवारणीचा दिवस ते ठरवतात. बटईने शेती असेल तर मालक आणि बटईदार दोघंही.

2. रोवणी-निंदणाच्या मजूर बायका. घरटं सगळ्यात आधी यांना दिसतं.

3. मच्छीमार सहकारी संस्था. तलावात जाळं कधी टाकायचं, कुठली झाडं काढायची, हे त्या ठरवतात.

4. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा. गावाचा विकास आराखडा, गावची जैवविविधता समिती, भटक्या कुत्र्यांचा प्रश्न, पाळीवरचं अतिक्रमण हे सगळं इथे येतं.

5. जिल्हा परिषद आणि पाटबंधारे विभाग. आपले मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्यातले बहुतेक जिल्हा परिषदेकडे आहेत, मोठे तलाव आणि कालवे पाटबंधाऱ्याकडे. गाळ काढणं आणि पाणी सोडणं यांच्या हातात.

6. कृषी विभाग. कुठलं औषध, किती, कधी, हा सल्ला यांचा.

7. महावितरण. तारा कुठून जातील, कुठे त्यांना खूण किंवा आवरण लागेल, हे यांच्याकडे. आपल्या भागात तारांमुळे सारस मेल्याच्या घटना झाल्या आहेत.

8. वनविभाग. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार पक्ष्याचं घरटं किंवा अंडी नासवणं हा गुन्हा आहे. ती जबाबदारी यांची. पण अडचण अशी की सारस राहतो ती बहुतेक जमीन वनविभागाची नाही, तुमची-आमची आहे.

9. महसूल विभाग, म्हणजे जिल्हाधिकारी. एवढ्या सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवायचा अधिकार यांना आहे.

10. पक्षीमित्र संस्था. मोजणी, नोंदी, अनुभव यांच्याकडे आहे.

11. नदीपलीकडची मंडळी. बालाघाटचे शेतकरी, तिथला वनविभाग, तिथले बचत गट.

मोजा बरं. अकरा झाले. मी मागच्या वर्षी यातल्या एकालाच फोन केला होता.

हे सगळे एकत्र बसावेत म्हणून काही झालं नाही असं नाही. सारसांची संख्या कमी होत चालल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्वतःहून घेतली. त्यानंतर गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सारस संवर्धन समित्या झाल्या. म्हणजे वरच्या पातळीवर टेबल मांडलेलं आहे. पण जिल्ह्याच्या टेबलापासून तलावाखालच्या बांधीपर्यंत अंतर फार आहे. माझ्या चुकीत जी कडी तुटली ती खालची होती. आणि खालची कडी जिल्ह्याचं कार्यालय जोडू शकत नाही. ती गावातच जोडावी लागते.

बायकांनी हे करून दाखवलं आहे

अशी कामं बायकांच्या गटांनी केल्याची दोन उदाहरणं सांगते. एक दूरचं, एक घरचं.

दूरचं उदाहरण आसामचं. तिथे हरगीला नावाचा मोठा करकोचा आहे. उकिरड्यावर खातो, दिसायला बेढब, म्हणून लोक त्याला अशुभ समजायचे. घरामागच्या उंच झाडावर त्याचं घरटं झालं की वास येतो, घाण पडते, म्हणून झाडच तोडायचे. डॉ. पूर्णिमा देवी बर्मन या अभ्यासक बाईंनी 2007 च्या सुमारास पाहिलं की जंगलखात्याला सांगून हे थांबणार नाही. झाड ज्यांच्या परसात आहे त्यांनाच सोबत घ्यावं लागेल. त्यांनी गावातल्या बायकांना गोळा केलं. पक्ष्याची वीण सुरू झाली की बायका डोहाळजेवणासारखा कार्यक्रम करू लागल्या. गमछ्यावर आणि मेखला-चादरीवर हरगीलाची नक्षी विणून विकू लागल्या. ज्या झाडाची लाज वाटायची त्याचा अभिमान वाटू लागला. कामरूप जिल्ह्यातल्या दादरा आणि आजूबाजूच्या गावांत तेव्हा 28 घरटी होती, ती पुढे अडीचशेच्या वर गेली. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने पूर्णिमाताईंचा मोठा पुरस्कार देऊन गौरव केला.

यातून घ्यायचं काय? त्यांनी पहिला वाटेकरी बरोबर ओळखला. झाडाचा मालक. आपल्याकडे त्या जागी कोण आहे? बांधीचा मालक.

घरचं उदाहरण आपल्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. तिथे ढिवर समाजाच्या बायकांनी तलावात उतरून बेशरम उपटून काढलं आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या. कारण त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं की कुठल्या वनस्पतीखाली कुठला मासा अंडी घालतो. मासे परत आले, पक्षीही आले. त्यांनी काम सुरू केलं ते पक्ष्यांसाठी नाही, पोटासाठी. पण माशाचं घर नीट झालं की पक्ष्याचंही होतं, कारण तलाव एकच आहे. भागीदारीचं हे मोठं सूत्र आहे. दोघांचा फायदा ज्यात आहे तिथून सुरुवात करायची.

"पाखरू वाचंल, पन माह्या धानाचा का?"

हा प्रश्न एका काकूंनी बैठकीत मला थेट विचारला. प्रश्न योग्य आहे, म्हणून हिशेब मांडूनच उत्तर देते.

समजा घरट्यासाठी आणि भोवतालच्या जागेसाठी 20 फूट बाय 20 फूट तुकडा सोडला. 400 चौरस फूट. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. एकरी 16 क्विंटल धान धरलं, तर त्या तुकड्यातलं धान साधारण 15 किलो होतं. 2025-26 चा साधारण धानाचा हमीभाव 2,369 रुपये क्विंटल. म्हणजे नुकसान सुमारे साडेतीनशे रुपये.

"एवढंच होय!" असं इथे वाटतं, आणि इथेच आपण फसतो. खरा खर्च त्या तुकड्याचा नाही. पाणी उतरवायचं नाही म्हणून खत लांबतं. बाजूच्या बांधीत फवारणी करता येत नाही. रोग आला तर मालकाला धाकधूक. आणि त्या बांधीतलं निंदण थांबलं तर मजूर बाईचा रोज बुडतो. हा खर्च कोणी मोजत नाही. घरटं जपणाऱ्या शेतकऱ्याला शाल-श्रीफळ मिळालं तर आनंदच आहे. पण शालीनं उतारा भरून निघत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. जिथे तोटा एकाचा आणि कौतुक सगळ्यांचं, ती भागीदारी टिकत नाही. आपल्या गटातही तसंच असतं ना? दहा जणींचं कर्ज एकीनं फेडायचं असा नियम असता तर गट सहा महिने टिकला नसता. तसंच इथेही. घरटं असलेल्या बांधीच्या मालकाला किती मिळेल, बुडालेल्या रोजाचं काय, पैसे कुठल्या खात्यातून येतील आणि किती दिवसांत, हे आराखड्यात लिहिलेलं असायला पाहिजे. हे मागणं म्हणजे अडवणूक नाही. आराखडा चालावा म्हणूनच ते मागायचं आहे.

दुसरी एक गोष्ट बायका आपसात बोलतात, बैठकीत बोलत नाहीत. फवारणी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी निंदायला जावं लागतं. हातापायांची आग होते, डोकं दुखतं, मळमळतं. सारसाच्या पिल्लाला जे औषध घातक, ते आपल्यालाही चांगलं नाही. फवारणीनंतर त्या बांधीत किती दिवस कोणी उतरायचं नाही, हा नियम गावानं केला तर तो पिल्लासाठीही आहे आणि आपल्यासाठीही. म्हणून म्हणते, हा विषय पाखराचा वाटतो, पण आपलाही आहे.

आपल्या गटानं काय करायचं

पहिलं काम, नकाशा. पुढच्या बैठकीत अंगणात रांगोळीनं किंवा मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढा. शिवार, तलाव, बोड्या, नाले, विजेची मोठी लाइन, बेशरम वाढलेली जागा दाखवा. सारस कुठे दिसतो, कुठल्या महिन्यात दिसतो, ते वेगळ्या रंगानं मांडा. म्हाताऱ्या आजींना मुद्दाम बोलवा. आधी कुठे दिसायचा आणि आता का नाही, हे त्यांनाच आठवतं. मग शेजारच्या गावाच्या गटाचा नकाशा आपल्या नकाशाला लावून पाहा. दोन नकाशे जोडले की भूप्रदेश दिसायला लागतो. त्यासाठी संगणक लागत नाही.

दुसरं काम, निरोपाची साखळी. घरटं दिसलं की त्याच दिवशी चार ठिकाणी निरोप गेला पाहिजे. बांधीचा मालक किंवा बटईदार, वनरक्षक, कृषी सहायक आणि ग्रामसंघाची अध्यक्ष. प्रत्येक निरोपाला एक नाव ठरवून ठेवा. "कोणीतरी सांगेल" असं ठेवलं की कोणीच सांगत नाही. वनरक्षकाचा फोन लागला नाही तर वनविभागाची मदतवाहिनी 1926 आहे. सगळ्यात पहिला निरोप मालकाला, हे विसरू नका. मी विसरले होते.

तिसरं काम, नोंद. ग्रामसंघाच्या वहीत दोन पानं सारसासाठी ठेवा. तारीख, शिवार, अंडी किती, निरोप कोणाला दिला, त्यांनी काय केलं, पिल्लू उडालं की नाही. बचतीची नोंद जशी चुकत नाही तशी ही चुकवू नका. समितीपुढे बोलताना वही हातात असली की आपलं म्हणणं लोक वेगळ्या कानानं ऐकतात.

चौथं काम, ठराव. महिला ग्रामसभेत हा विषय घ्या आणि तिथून ग्रामसभेत न्या. ठरावात तीनच गोष्टी ठेवा. एक, फवारणीनंतर बांधीत न उतरण्याचे दिवस. दोन, तलावातलं बेशरम काढण्याचं काम गावाच्या विकास आराखड्यात. तीन, घरटं असलेल्या बांधीची भरपाई ठरवावी अशी जिल्ह्याच्या समितीकडे मागणी. गावच्या जैवविविधता समितीत बायकांसाठी जागा असतात. त्या जागांवर कोण आहे, ते ग्रामसेवकांना विचारा. कागदावर नाव असलेल्या ताईला ते माहीत तरी आहे का, हेही विचारा.

पाचवं काम, नदीपलीकडे बोलणं. आपल्यातल्या कितीतरी जणींचं माहेर बालाघाटात आहे, कितीतरी लेकी तिकडे दिल्या आहेत. दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांची बैठक ठरायला पत्रव्यवहार लागतो. आपल्याला बहिणीला फोन लावायला काही लागत नाही. तिकडेही आजीविका मिशनचे गट आहेत. तिकडचा जोडा इकडे आला की इकडच्या गटाला कळावं, एवढ्यापासून सुरुवात करू.

आणि हे करायचं नाही

घरट्याजवळ जायचं नाही. धुऱ्यावरूनच पाहायचं. माणूस जवळ आला की जोडा उठतो, अंडी उघडी पडतात, आणि कावळा वाटच पाहत असतो.

घरट्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही. जागा कळली की गर्दी होते, अंडी चोरणाऱ्यालाही कळते.

घरटं उचलून दुसऱ्या बांधीत ठेवायचं नाही. ते आपलं काम नाही, आणि कायद्यानंही चालत नाही.

मालकाशी भांडायचं नाही. तो आपला वाटेकरी आहे. भांडण झालं तर पुढच्या वर्षी घरटं दिसलं तरी तो सांगणार नाही.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या गावात सारस शेवटचा कोणी, कुठे, कधी पाहिला?

2. अकरा वाटेकऱ्यांपैकी आपण कोणाकोणाला नावानं ओळखतो? कोणाशी कधीच बोललो नाही?

3. उद्या सकाळी रोवणीत घरटं दिसलं तर पहिला फोन कोण, कोणाला करेल?

4. फवारणीनंतर किती दिवस बांधीत उतरायचं नाही, हे ठरवलं तर मजुरीचा तोटा कसा भरून काढता येईल?

5. तलाव साफ झाला तर आपल्याला काय मिळेल? मासे, शिंगाडा, पाणी, की आणखी काही?

या प्रश्नांवर जे बोलणं होईल त्याची पाच-सहा ओळींत नोंद करा आणि महासंघाच्या मासिक बैठकीला घेऊन या. सगळ्या गावांचे नकाशे आले की ते एका भिंतीवर शेजारी शेजारी लावू. मग वनरक्षक, कृषी सहायक, लाइनमन, मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष आणि बांध्यांचे मालक यांना त्या भिंतीसमोर बोलावू. जिल्ह्याच्या समितीपुढे जाताना आपल्या हातात तेच असेल.

मागच्या महिन्यात त्या गावात पुन्हा गेले होते. ज्यांच्या बांधीतलं घरटं गेलं ते मालक स्वतः ग्रामसंघात आले आणि वहीत आपला फोन नंबर लिहून गेले. मावशी हसून म्हणाल्या, "आता पाखरू याची तेवढी देर हाये."

रोवणी जवळ आली आहे. पऱ्हे टाकायच्या आधी ती चार नावं ठरवून ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक